कणसाचा सिग्नल

घाटात अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं. हे माझं मत नाही, वाहतुकीच्या नियमांत छापलेलं आहे. आधीच सांगून टाकतो, कारण परवा रविवारी ताम्हिणी घाटात ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

दिवेआगरहून परत येत होतो. गाडी माझी, मित्र मागे-पुढे कोंबलेले, पाऊस जुलैचा. माणगाव, निजामपूर, विळे सुरळीत गेलं. घाट लागला, धबधबा दिसला आणि रस्ता संपला. म्हणजे होता, पण दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या आणि मधून ओलीचिंब माणसं हिंडत होती. पुण्यात जो माणूस आपल्या फाटकासमोर स्कूटरसुद्धा उभी राहू देत नाही, तोच घाटात ऐन वळणावर गाडी लावून अंघोळीला जातो. उरलेल्या पट्टीतून मी वर चढत होतो. समोरून एक धिप्पाड पांढरी गाडी उतरत आली. नाकाला नाक.

तेवढ्यात तो प्रकटला. निळा रेनकोट, खाली हाफ पँट, हातात अर्धं खाल्लेलं कणीस.

"सर, रिव्हर्स घ्या."

मी काच दोन बोटं खाली केली. "अहो, मी चढतोय. थांबायचं त्यांनी."

"नियम बरोबर आहे तुमचा," दाणे चावत तो म्हणाला, "पण तो कोरड्या रस्त्याला."

मागून बाळ्या म्हणाला, "घे रे मागे. आपल्यासाठी भिजतोय बिचारा."

मी रिव्हर्स टाकला. मागची काच धुक्याने भरलेली, आरशात फक्त निळा रेनकोट.

"येऊ द्या, येऊ द्या... काटा मारा... फुल काटा... उलटा, उलटा काटा! सोडा आता... जाते, जाते, ट्रक जातो इथून!"

कणीस उभं म्हणजे या, आडवं म्हणजे थांबा, एवढं मला समजलं होतं. पण मधेच तो ते खायचा. तोंडाशी गेलेल्या कणसाचा अर्थ काय घ्यायचा? एकदा त्याने मीठ-लिंबू नीट लागलंय का ते फिरवून पाहिलं. मी त्याप्रमाणे स्टेअरिंग फिरवलं.

"अजून हातभर आहे, येऊ द्या!"

धप्प.

"बस!"

या क्रमानेच. गाडी मागे घ्यायला लावणाऱ्या कुठल्याही माणसाचं 'बस' आवाजाच्या आधी आलेलं मी ऐकलेलं नाही. मागे दगडी कठडा होता. तो वाकून पाहत म्हणाला, "जागा होती सर. तुमचा काटा कमी पडला."

मग त्याने ऐटीत पांढऱ्या गाडीला खूण केली. ती हळूहळू माझ्या शेजारी आली, थांबली, मागचं दार उघडलं आणि हा त्यात बसला. त्याचीच गाडी! आत बायको-मुलं, थर्मास, सगळा संसार. "थँक्यू सर," म्हणत त्याने कणसाचं बुरकुंड दरीत भिरकावलं आणि नियमाने जिने थांबायला हवं होतं ती गाडी निघून गेली.

"जाम मात्र मस्त सोडवला हं त्याने," बाळ्या म्हणाला.

पुढे मुळशीचा जलाशय लागला, फोटोंसाठी सगळे उतरले. या पाण्याखाली गावं आहेत. इथल्या शेतकऱ्यांनी 1921 साली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यापायी तुरुंगात गेले. धरण तरीही झालं. पाणी अजून डोंगराच्या पोटातून खाली भिऱ्याला वीज करायला जातं. त्या लोकांनी जमिनीसाठी एवढा लढा दिला आणि मी अर्ध्या कणसापुढे माघार घेतली. हे मोठ्याने बोललो तर म्हणतात, "मूड नको घालवू, हास जरा." फोटोत मी बंपरकडे बघतोय.

रात्री ग्रुपवर हिशोब आला. पेट्रोल, टोल, भजी, बाळ्याच्या उलटीच्या गोळ्या, सगळं सारखं वाटून. बंपरचं विचारलं, तर उत्तर आलं की तो गाडीमालकाचा विषय. आणि माझ्या नावापुढे कणसाचे तीस रुपये लावलेत. मी कणसाला हातसुद्धा लावला नव्हता.