कुलूप दिसलं म्हणजे कार्ड सुरक्षित, हे कुणी सांगितलं?

इंटरनेटवर पैसे भरण्याचा ‘खरा इतिहास’ सांगणारा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्या मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर “आता बिनधास्त कार्ड वापरा” असंही लिहिलं. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मेसेज म्हणतो, नव्वदच्या दशकात पैसे भरण्याची खुली पद्धत कुणी बनवलीच नाही. साफ खोटं. व्हिसा आणि मास्टरकार्डने फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘सेट’ (सिक्युअर इलेक्ट्रॉनिक ट्रान्झॅक्शन) हे इंटरनेटवर कार्डाने पैसे भरण्याचं सामायिक मानक जाहीर केलं. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि ब्राउझर बनवणारी नेटस्केप त्यात होते. ३१ मे १९९७ ची त्याची पहिली आवृत्ती तीन भागांत आहे आणि ती सगळ्यांसाठी खुली होती. मेसेज लिहिणाऱ्याने निदान पहिला भाग तरी चाळायचा होता.

सगळ्यात घातक वाक्य पुढे आहे: “ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं की कार्ड नंबर सुरक्षित.” अहो, ते कुलूप फक्त वाटेपुरतं असतं! त्यामागच्या एसएसएलमुळे, म्हणजे ब्राउझर ते साइट या वाटेवर माहिती सांकेतिक करणाऱ्या पद्धतीमुळे, नंबर मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही, पण दुकानदाराच्या सर्व्हरवर तो उघडाच पोचतो. पुढे तो कुठे साठवला, कुणी चोरला, याच्याशी कुलपाचा संबंध नाही. सेटची मूळ रचना नेमकी यासाठीच होती. ऑर्डर आणि कार्डाची माहिती वेगवेगळी सांकेतिक करून, दोन्ही एकाच व्यवहाराच्या आहेत हे दाखवणाऱ्या दुहेरी डिजिटल सहीने जोडायची. दुकानदाराला नंबर दिसत नाही, बँकेला तुम्ही काय घेतलं ते कळत नाही. आज तर बनावट साइटलाही फुकट प्रमाणपत्र (साइटचं डिजिटल ओळखपत्र) मिळतं, म्हणजे कुलूपही मिळतं. लोकांचा हाच गैरसमज होतो म्हणून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्ह काढलं. आणि कुलूप पुरत असतं, तर १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांनी कार्ड नंबर साठवू नयेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने कशाला केला असता?

“बिटकॉइनआधी डिजिटल रोकड नव्हती” हेही चूक. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांची ई-कॅश १९९५ मध्येच अमेरिकेतल्या सेंट लुइसची मार्क ट्वेन बँक देत होती.

“सेट चाललं नाही” एवढं मात्र खरं, मान्य. पण ते हॅकरांनी फोडलं म्हणून नव्हे. प्रत्येक ग्राहकाने संगणकावर वेगळं वॉलेट सॉफ्टवेअर बसवायचं, स्वतःचं डिजिटल प्रमाणपत्र मिळवायचं. दुकानदाराला खर्च वेगळाच. एसएसएल ब्राउझरमध्ये आयतंच होतं, ग्राहकाला काहीच करावं लागत नव्हतं.