नदी नासवणाऱ्यांना कोणी पथ्य सांगत नाही

कॅनडातल्या मराठी मंडळींच्या एका गटात आज सकाळी एका गृहस्थांनी लिहिले की इथल्या आदिवासींना सरकार सगळे फुकट देते, ते बसून खातात, आणि म्हणूनच त्यांच्या घराघरांत मधुमेह आहे. खाली बऱ्याच जणांनी होकाराचे अंगठे उमटवले होते. त्यांतले काही माझ्या घरी जेवून गेलेले आहेत. तिथल्या तिथे उत्तर देण्याइतका माझा राग आवरलेला नव्हता, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

मी वायव्य ऑन्टॅरिओत मधुमेहाच्या रुग्णांना आहाराविषयी आणि औषधांविषयी समजावून सांगण्याचे काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक जण अनिशिनाबे आणि ओजी-क्री या आदिवासी समाजांतले असतात. त्यांतल्या एका वृद्ध बाईंना सगळे कूकुम, म्हणजे आजी, म्हणतात, आणि मीही तेच म्हणते. निदान झाल्यानंतर त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन कागद होते. एकावर लिहिले होते की आठवड्यातून दोनदा मासे खा, हृदयासाठी आणि मधुमेहासाठी चांगले. दुसऱ्यावर प्रांताच्या मासे-मार्गदर्शिकेतला त्यांच्या तळ्याचा तक्ता छापलेला होता : कोणत्या जातीचा, किती सेंटिमीटर लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, आणि मुलांनी व गर्भारपणाच्या वयातल्या स्त्रियांनी त्याहून किती कमी खावा. काही रकान्यांत चक्क शून्य होते. कूकुमनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तळहाताने त्यांच्या घड्या सपाट केल्या आणि विचारले, “यांतला कोणता पाळू?”

त्या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण दोन्ही कागद खरे आहेत. ऑन्टॅरिओतल्या १८ फर्स्ट नेशन्समध्ये, म्हणजे आदिवासी समाजांत, झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की आठवड्यातून एकदा तरी मासे खाणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण मासे न खाणाऱ्यांपेक्षा कमी आहे. आणि त्याच अभ्यासात असेही दिसले की अन्नातून पीसीबी आणि डीडीई ही रसायने ज्यांच्या पोटात जास्त जातात, त्यांच्यात ते जास्त आहे. मासा तोच. त्यातली चरबी जे राखते, ते त्या चरबीत मुरलेले विष पोखरते. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो, कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या बाईला आज रात्री चुलीवर काय ठेवायचे ते ठरवायचे आहे, तिला हा भेद सांगून काय उपयोग?

पीसीबी म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि कारखान्यांतल्या यंत्रांच्या तेलात पूर्वी वापरले जाणारे रसायन. डीडीई म्हणजे डीडीटी या कीटकनाशकाचा उरलेला अवशेष. दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत साठतात, किड्यापासून लहान माशात, लहान माशापासून मोठ्यात आणि तिथून माणसात वाढत जातात, आणि वर्षानुवर्षे शरीर सोडत नाहीत. उष्ण प्रदेशात हवेत उडालेले डीडीटी वाऱ्याबरोबर सरकत थंड प्रदेशात येऊन खाली बसते. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या कारखान्यातही डीडीटी बनत असे, तेव्हा उत्तरेच्या तळ्यांतल्या माशांशी आपला काय संबंध, असे निदान आपण तरी म्हणू नये.

सेंट लॉरेन्स नदीकाठच्या अक्वेसास्ने या मोहॉक आदिवासींच्या वस्तीची गोष्ट तर प्रत्येक भारतीय-कॅनेडियन मुलाला शाळेत शिकवायला हवी. शेजारच्या मसीना गावातल्या मोटार कंपनीच्या ओतशाळेत आणि ॲल्युमिनियमच्या कारखान्यांत पीसीबी वापरले गेले आणि ते नदीत उतरले. १९८० च्या दशकात तिथल्या लोकांना सांगण्यात आले की मासे खाऊ नका, विशेषतः गर्भवतींनी आणि मुलांनी. त्यांनी ऐकले. मासे सुटले, आणि माशांबरोबर पहाटेचे जाळे, होडी, अंगमेहनत आणि मुलांना मासा सोलायला शिकवण्याचा रिवाजही सुटू लागला. माशाच्या जागी ताटात आले ते दुकानातले स्वस्त पिठाळ, खारट आणि गोड अन्न. पुढे त्याच समाजातल्या प्रौढांचे रक्त तपासले, तर २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मधुमेहाचा संबंध पुन्हा पीसीबी आणि डीडीईशी दिसला. म्हणजे मासा खाल्ला तर विष, सोडला तर साखर. या कोंडीत सापडलेल्या माणसाला आमचे गृहस्थ आळशी म्हणतात!

कूकुमनी त्या दिवशी आपला उजवा हात कोपरापासून टेबलाच्या कडेवर आडवा ठेवला आणि मधल्या बोटाच्या टोकापर्यंत दाखवून म्हणाल्या, “माझी आई एवढ्या पिकरेललाच मासा म्हणायची, त्याहून लहान तळ्यात परत.” त्या तक्त्यात नेमक्या त्या लांबीपुढे आकडे घसरत होते, कारण पिकरेलसारखा शिकारी मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका त्याच्यात पारा अधिक. पोटाकडची चरबी आणि कातडी काढली की पीसीबी कमी होतात, पण पारा मांसातच असतो, तो सुरीने निघत नाही, हेही मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. पन्नासहून अधिक वर्षे मासे सोलणाऱ्या बाईला मासा कसा सोलावा हे सांगताना मला जे वाटले ते लिहिणे कठीण आहे.

पारा कुठून आला, तेही सांगते. १९६२ ते १९७० या काळात ड्रायडनच्या कागद गिरणीच्या रसायन विभागातून सुमारे ९,००० किलो पारा वॅबिगून नदीत सोडला गेला. खालच्या अंगाला ग्रासी नॅरोज हे अनिशिनाबे समाजाचे गाव आहे. १९७० मध्ये तिथली व्यावसायिक मासेमारी बंद झाली, मासेमारीसाठी येणाऱ्या पाहुण्यांचे वाटाडे म्हणून मिळणारी कामे गेली, आणि पाऱ्याच्या विषबाधेसाठी ओळखल्या जाणाऱ्या जपानच्या मिनामाताहून आलेल्या डॉक्टरांना तिथल्या माणसांत आपल्या ओळखीची लक्षणे दिसली. नदीच्या तळाचा तो पारा अजून तिथेच आहे. पारा मज्जासंस्थेवर घाला घालतो आणि मधुमेहाशी त्याचा थेट संबंध पीसीबीइतका स्पष्ट नाही, हे मान्य. पण ज्या गावाचा मासाही गेला आणि रोजगारही, त्या गावात साखर वाढायला आणखी वेगळे कारण लागत नाही.

आता कोणीतरी जनुकांचा मुद्दा काढेलच. काढा. सँडी लेकच्या ओजी-क्री समाजात मधुमेहाशी जोडलेला एक जनुकीय बदल १९९९ मध्ये सापडला, ते खरे आहे. पण तो बदल काही दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाने आलेला नाही, आणि त्याआधी या समाजांत मधुमेह क्वचितच दिसत असे. शिवाय जनुके आणि सवयी यांचा हिशेब मांडायचाच असेल, तर आपल्या मंडळाच्या गणपतीच्या जेवणाच्या पंगतीत मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, घेणारे किती जण बसतात तेही मोजूया. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय बाळे दिसायला किडकिडीत पण अंगात चरबी धरून जन्मतात हे दाखवले, तेव्हा आपल्याला केवढा दिलासा वाटला! आपला मधुमेह म्हणजे विज्ञान आणि त्यांचा मधुमेह म्हणजे आळस, ही कुठली रीत?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. अंगठे उमटवणाऱ्यांतले बहुतेक जण वाईट नाहीत. त्यांनी कधी ते दोन कागद शेजारी ठेवलेले पाहिलेले नाहीत, एवढेच. कूकुमना मी शेवटी सांगितले की व्हाइटफिश खा, त्यात पारा कमी. पिकरेल लहान घ्या. मोठा जॅकफिश नातवंडांना देऊ नका. आणि मासे सोडू मात्र नका. त्या तसे करतात. त्यांच्या हातचा, पॉप्लरच्या धुरावर सुकवलेला व्हाइटफिश मी खाल्ला आहे, आणि रत्नागिरीत वाढलेल्या मला तो आपला वाटला. त्यांची साखर आधीपेक्षा बरी आहे. पण ही तडजोड आहे, न्याय नव्हे. सगळे पथ्य त्यांनी पाळायचे, लांबी त्यांनी मोजायची, चरबी त्यांनी कापायची, आणि ज्यांनी नदीत ओतले त्यांच्यासाठी कुठलाच तक्ता नाही.

ग्रासी नॅरोजची मंडळी नदी स्वच्छ करण्याच्या आणि भरपाईच्या मागणीसाठी टोरंटोत येऊन रिव्हर रन नावाचा मोर्चा काढतात. पुढच्या मोर्चाची तारीख कळली की मी इथे टाकेन आणि स्वतः जाईन. टोरंटो, मिसिसागा आणि ब्रॅम्प्टनच्या मराठी मंडळींनी यावे, सकाळी अंगठा उमटवणाऱ्यांनी तर जरूर यावे. ज्यांना यायचे आहे त्यांनी खाली नाव लिहा, गाड्यांची व्यवस्था मिळून करू.