काळा धूर आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका

फिरत असलेला सल्ला असा आहे : ‘गाडी काळा धूर मारते, अ‍ॅव्हरेज पडलंय, पी०१७२ कोड आलाय, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा टाका. एअर फिल्टर बदला, बॅटरीची वायर काढून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) रीसेट करा. थोडी रिच चालली तर उलट बरंच.’ या नादात लोकांचे चांगले पार्ट भंगारात जातात.

सेन्सरचंच आधी बघू. एक्झॉस्टमध्ये किती ऑक्सिजन उरलाय ते तो मोजतो. पी०१७२ म्हणजे मिश्रण रिच आहे, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे, एवढंच. ही खबर बहुतेक वेळा हाच सेन्सर देतो, आणि आपण त्यालाच काढतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! इंजिन गरम करा, स्कॅनर लावा. साध्या सेन्सरचा व्होल्टेज ०.८-०.९ व्होल्टवर, म्हणजे रिचच्या बाजूला, अडकलेला दिसेल. आता आयडलिंगला मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपची) एक व्हॅक्यूम नळी काढा. जादा हवा शिरताच व्होल्टेज धाडकन खाली आला, तर सेन्सर जिवंत आहे.

मग स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कापतोय तो आकडा. उणे २० टक्के असेल तर ईसीएम स्वतःच पेट्रोल कापतोय, म्हणजे ते दुसरीकडून येतंय. प्रेशर रेग्युलेटरला (पेट्रोलचा दाब राखणाऱ्या भागाला) व्हॅक्यूम नळी असेल तर ती काढून बघा. आत पेट्रोल ओलं लागलं तर रेग्युलेटरचा डायफ्राम (आतला पडदा) फाटलाय. पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का, इंजेक्टर टपकतोय का, तेही तपासा. रात्रभर उभ्या गाडीत स्टार्ट करण्याआधी कूलंट आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर जवळपास सारखं हवं. कूलंट उणे ४० अंश दाखवत असेल तर त्याच्या तापमान सेन्सरचं सर्किट तुटलंय. इंजिन गार आहे असं समजून ईसीएम पेट्रोल वाढवत राहतो. ट्रिम उणेऐवजी अधिक (प्लस) आणि तरी धूर? मग इंजिन आणि सेन्सर यांच्या मधल्या भागात एक्झॉस्ट लीक शोधा.

एअर फिल्टरची गोष्ट कार्बोरेटरच्या गाडीत खरी. इंजेक्शनमध्ये आत येणाऱ्या हवेच्या हिशेबानेच पेट्रोल पडतं. फिल्टर चोंदला तर मुख्यतः ताकद कमी होते.

रीसेटने कोड, ट्रिम आणि बिघाडाच्या क्षणाची नोंद पुसली जाते. बिघाड तिथेच राहतो.

आणि ‘रिच बरं’ हे तर धोकादायक आहे. १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे प्रमाण सोडून गाडी सतत रिच चालली, की सिलिंडरवरचा ऑइलचा थर धुतला जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर साफ करणारा भाग) तापून खराब होतो. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर दुरुस्तीनंतर ऑइलही बदला. नाहीतर त्यातली पेट्रोलची वाफ पीसीव्हीमधून (ऑइलच्या भागातली वाफ इंजिनात परत नेणाऱ्या व्हॉल्व्हमधून) पुन्हा इंजिनात जाते आणि ट्रिम उणेच राहतो.