२००३ चा टॉस नव्हे, २०१९ चा फलंदाजीचा क्रम

वर्ल्ड कपमधल्या भारताच्या सर्वांत वाईट निर्णयांवरच्या लेखात २००३ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या फायनलचा टॉस (जिंकून आपण गोलंदाजी घेतली) पहिल्या क्रमांकावर ठेवलाय, ते मला पटत नाही. जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानाच्या खेळपट्टीत सकाळी ओल होती, आपले तीन वेगवान गोलंदाज फॉर्मात होते. गोलंदाजी घेणं समजण्यासारखं होतं. चूक संघनिवडीत होती. फिरकीपटू कुंबळे बाहेर! ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही विकेट हरभजनने काढल्या, पण दुसऱ्या टोकाला खरा फिरकीपटूच नाही. सेहवाग, सचिन, युवराज आणि मोंगियाने मिळून १५ षटकं टाकली, आणि धावा झाल्या ३५९.

माझ्या मते सर्वांत वाईट निर्णय २०१९ च्या न्यूझीलंडविरुद्धच्या मँचेस्टर सेमीफायनलमधला. लक्ष्य २४०. रोहित, कोहली, राहुल प्रत्येकी १ धावेवर बाद, ३ बाद ५! अशा वेळी एक टोक धरून एकेरी-दुहेरी काढणारा माणूस लागतो. धोनी पॅड बांधून बसला आणि पाठवला कार्तिकला, ज्याचं खरं काम शेवटच्या षटकांतलं. त्याच्या २५ चेंडूंत ६ धावा. मग पंड्याही धोनीच्या आधी. पंत आणि पंड्या दोघेही ३२ वर फिरकीपटू सँटनरला उचलून मारताना गेले. समोर धोनी असता तर पंतला तो फटका आवरायला सांगणारं कोणीतरी असतं. धोनी आला ५ बाद ७१ वर, तेव्हा १६३ चेंडूंत १६९ हव्या होत्या. जडेजाने ५९ चेंडूंत ७७ करूनही १८ धावा कमीच पडल्या.