अंगठ्यानं लिहिलेला पायथन

ऐन सोयाबीनच्या राशीत लॅपटॉपचा चार्जर उंदरानं कुरतडला, अन् मी अण्णांना आधीच सांगून बसलेलो की औंदाचा हिशोब कॉम्प्युटरवर, डायरी बंद. मग काय, काढला फोन. पायथन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. दहा ओळींचं तर काम, कट्ट्याकट्ट्याचं वजन विचारायचं, भावानं गुणायचं, हमाली तोलाई वजा, झालं.

खळ्यावर ताडपत्रीच्या सावलीत बसून नोट्समधे लिहायला घेतलं. ओळीचं पहिलं अक्षर कीबोर्ड आपोआप कॅपिटल करायचा, अन् प्रिंटचा (पडद्यावर दाखव म्हणायच्या हुकुमाचा) पी मोठा दिसला की पायथन ओळखच दाखवत नाही. तो बारीक केला तर अवतरण चिन्हाचा घोळ. ते बटण जरा जास्त दाबलं गेलं की वर सहा प्रकारची चिन्हं उगवतात अन् माझा अंगठा बरोबर त्या वाकड्या, छापील पुस्तकातल्या चिन्हावर पडतो. पायथनला सरळच लागतं. एरर पण कसला, त्या वाकड्या चिन्हाचा कोड नंबर, 'यू+२०१सी', जणू मी कुठल्या एसटीचा नंबर विचारला होता.

तेवढ्यात मामाचा फोन. ‘काय करायलास?’ कोडिंग करायलोय म्हटलं तर म्हणाले, बरंय, बस, ऊन लई हाय.

परत आलो तर मधेच कुठंतरी कीबोर्ड मराठी झालेला. प्रिंट चक्क देवनागरीत उमटलं अन् मला कळलंच नाही, कारण पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात, व्याकरणाबद्दल त्याची तक्रार नाही, फक्त प्रिंट नावाचं कुणी इथं राहत नाही एवढंच त्याचं म्हणणं. म्हटलं मग मराठीच लिहू की. ‘भाव = ४८९२’. तर भाव चालला, ४८९२ चालेना! मराठी आकडे कोडात घेत नाही म्हणे. २०२४ चा हमीभाव होता तो, अन् तवा आडतीवर पण हेच ऐकलेलं, भाव सांगा पण ४८९२ म्हणू नका.

बाकीचं काय सांगू. कीबोर्ड वर आला की कोडाच्या चार ओळी दिसतात, त्यातली एक चार स्पेस आत हवी, अन् मी त्या बोटानं मोजायलो तर माय म्हणाली, जप करायलास का रे.

दिवस मावळता चाललं एकदाचं. फोन अण्णांच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं मराठी कीबोर्डवर ‘५८’ टाकलं, मी ओरडलो, अण्णा थांबा, इंग्रजी आकडे! पण पायथननं गुपचूप घेतलं. कोडात लिहिलेला मराठी आकडा चालत नाही, पण बाहेरून माणसानं भरलेला त्याला बरोबर वाचता येतो, म्हणजे माझ्याशीच वाकडं होतं त्याचं. अण्णा एकेक कट्टा डायरीत बघून भरत गेले अन् एकदम बेरीज आली.

‘सदतिसावा विचारलाच नाही की रे ह्यानं.’

कितव्यापासून कितव्यापर्यंत मोजायचं ते सांगणाऱ्या ‘रेंज’मधे १ ते ३७ लिहिलं की पायथन ३६ वरच थांबतो, ३८ लिहावं लागतं, हे मला कॉलेजापासून माहीत होतं. सातावर अंगठा ठेवला. कर्सर कंसाच्या पलीकडं जाऊन बसला. अण्णांनी डायरी मांडीवर ओढली अन् कानावरचा पेन काढला.