मुक्कामी वाढदिवस

मुलाचा नववा वाढदिवस केक, फुगे आणि टोप्या एवढ्यावर भागवणारे पालक बेळगावात अजून शिल्लक असतील, तर त्यांनी वेळीच सुधारावे. टिळकवाडीसारख्या भागात राहून मुलाच्या मित्रांना रात्री साडेआठला घरी धाडणे आता शोभत नाही; त्यांना मुक्कामाला ठेवून घ्यावे. याला स्लीपओव्हर म्हणतात. मे महिन्यात खानापूरला आजीकडे एका जमखान्यावर आम्ही अकरा भावंडे आडवी पडत असू, तोही हाच प्रकार होता. परंतु त्याला नाव नव्हते आणि सकाळी निघताना हातात भेटवस्तू मिळत नसे, म्हणून तो गरिबीत गणला गेला.

आमच्या चिरंजीवांनी जन्मासाठी जुलै निवडला, आपणही शक्यतो तोच निवडावा. बेळगावच्या जुलैत रुमालसुद्धा तीन दिवस वाळत नाही, हे ध्यानात ठेवून घरातली सर्वांत जाड गादी पाहुण्यांना द्यावी आणि तिच्यावर प्लॅस्टिक अंथरून त्यांच्या वयाचा अपमान मुळीच करू नये. पहाटे चारला तिचे काय झाले ते मी सांगणार नाही. ऑगस्ट उजाडला तरी ती पंख्यासमोर उभी होती. नळाला पाणी येण्याची रात्रही साधावी. आमच्याकडे ते अपरात्री येते आणि एरवी गजर लावून उठावे लागते. त्या रात्री गजराची गरज पडत नाही.

कोणाला काय चालत नाही, हे आधी विचारून घ्यावे. आठ पाहुण्यांपैकी एकाला अंडे वर्ज्य होते, दुसऱ्याला कांदा-लसूण आणि तिसऱ्याला नूडल्स सोडून बाकी सर्व. सौभाग्यवतींनी गावाचा मान म्हणून कुंदा मागवला होता. दूध आटवून आटवून तांबूस झालेल्या त्या पदार्थात एका पाहुण्याने चमचा उभा रोवला आणि तो पडतो का, हे पाहत मोठ्या काळजीने विचारले, ‘‘काकू, हे जळलंय काय?’’

बारा वाजता दिवे घालवावेत, म्हणजे भुतांच्या गोष्टी सुरू होतात. आमच्याकडे किल्ल्याच्या खंदकातले भूत निघाले. ते गोऱ्या साहेबाचे असून इंग्रजीत हाका मारते, असे एकाने सांगताच दुसऱ्याने, किल्ला रट्टांच्या काळात 1204 साली बांधला आहे, तेव्हा भूत जुने आणि कन्नडच असणार, असा आक्षेप घेतला. यावर आमचे चिरंजीव वाकळ भिरकावून उठले आणि भूत मराठी असल्याचे त्यांनी ठणकावून सांगितले. अशा वेळी यजमानांनी मध्ये पडू नये. 1956 पासून मोठ्यांना जे मिटवता आले नाही आणि 2004 पासून जे सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, ते मुलांनी वीस मिनिटांत निकालात काढले: भुताला दोन्ही भाषा कळतात, पण ते आपल्याच शाळेत शिकल्यामुळे दोन्हींत नापास झाले आहे. सीमाभागातील कोणत्याही समितीला इतका सर्वमान्य ठराव मी करताना पाहिलेला नाही.

या वयाच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप हवी, असे डॉक्टर सांगतात. त्या हिशेबाने आठ पाहुण्यांनी मिळून निदान 72 तास झोपायला हवे होते. आमच्याकडे सर्वांची मिळून 11 तास भरली आणि त्यांतले 6 एकट्या कांदा-लसूणवाल्याचे होते. हिशेबात फार शिरू नये.

सव्वादोनच्या सुमारास एक पाहुणा पाठीला दप्तर लावून, चपला उलट्या पायांत घालून दाराशी उभा दिसेल. त्याला आई हवी असते, परंतु तो तसे म्हणत नाही. पोटात दुखते म्हणतो. ओवा देऊन पाहावा आणि मग निमूट फोन करावा. आमच्या या पाहुण्याच्या वडिलांना दुसऱ्या रेल्वे गेटला मालगाडीने अडवले, आणि ते पोहोचेपर्यंत चिरंजीव उंबऱ्यावर दप्तरासकट गाढ झोपले होते. त्यांना उठवण्याचा धीर कोणालाच होईना. वडील चहाला थांबले. म्हणून पाहुणे निवडताना एकाचे तरी वडील अंगापिंडाने भक्कम आहेत, एवढे आवर्जून पाहावे. पाणी तीनला आले आणि दोन्ही पिंपे त्यांनीच भरून दिली.