कशावर टाकू?

आमच्या घरात गहू बंद झाला तो एका मंगळवारी, सकाळी साडेअकराला. रक्ताची तपासणी झाली होती, दुर्बीण पोटात जाऊन आली होती, आणि डॉक्टरांनी हिला शांतपणे सांगितलं, "सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव, राय बंद. चिमूटभरही नाही. कायमचं." राय नावाचं धान्य मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, त्यामुळे ते सोडायला आम्ही लगेच तयार झालो. प्रश्न गव्हाचा होता.

परतताना रिक्षात ही गप्प. धीर द्यायचा म्हणून मी म्हणालो, "अगं, त्यात काय आहे? उद्यापासून सकाळचा नाश्ता माझ्याकडे. मक्याच्या कण्या करतो. मका, पाणी, मीठ. संपलं." मी 'त्यात काय आहे' म्हटलं की पुढे काय होतं, याचा हिला ३१ वर्षांचा अनुभव आहे. ती बाहेरची रहदारी बघत राहिली.

घरी आईला समजावणं हे वेगळंच काम. गव्हाने माणूस आजारी पडतो हे तिला पटेना. मग मी तिला विलेम डिक या डच बालरोगतज्ज्ञांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये लोकांची उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आणि नेमकी याच दुखण्याची पोरं तेवढी सुधारली. पुढे पाव परत आला तशी पोरं पुन्हा आजारी. डिकसाहेबांना गव्हाचा संशय आधीपासून होताच, तो पक्का झाला. आई माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडलीय आणि सुकडी खाल्लीय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुष्काळात बरी झालेली माणसं पहिल्यांदाच ऐकतेय."

बुधवारी सकाळी वाण्याकडून मक्याचं पीठ आणलं. पांढरंशुभ्र, पावडरीसारखं, बोटांत धरलं की करकरणारं. मका पिवळा आणि पीठ पांढरं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. वाण्यालाही पडायला हवा होता. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातला नुसता स्टार्च, आणि सूपमध्ये तो चमचाभरच घालतात, हे मला नंतर कळलं. मी वाटीभर घातलं. पातेल्यात पाहता पाहता एक चकचकीत, अर्धपारदर्शक गोळा तयार झाला. पळी बाहेर काढली तर तोही पळीबरोबर वर आला. हिने डोकावून पाहिलं. "खळ छान झालीय. पतंग कुठंय?"

मग ठरवलं, विकतचं नकोच. वाळलेला मका आणायचा आणि गिरणीतून भरड काढून आणायची. गिरणीत धान्य नुसतं दळत नाहीत, कशावर तरी दळतात. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. बाजरीवर कुणाचे चुकून गहू पडले तर दोन घरांचं बोलणं बंद होतं. रांगेत सहा बायका, आणि दोन किलो मक्याची पिशवी घेऊन मी.

"काका, मका कशावर टाकू?"

"कशावरच नको."

गिरणी तेवढ्यापुरती थांबली असं मला वाटलं. खरं तर बायका बोलायच्या थांबल्या होत्या. मी नियम समजावला. ज्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं ते बाधणारं प्रथिन, नाही असं म्हणायचं, त्यात ते किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. गिरणीवाल्याने आधी स्वतःकडे पाहिलं. भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या, वरचा पंखा, भिंतीवरची गणपतीची तसबीर, सगळ्यांवर गहू. "काका," तो म्हणाला, "एवढा तर मी खोकलो तरी पडतो." एका काकूंनी "आधी माझे तांदूळ टाक, मग त्यांचा मका टाक," असा तोडगा काढला. पण तो माणूस सचोटीचा. "दगडात गहू राहणारच. वहिनींना त्रास झाला तर?" म्हणत त्याने पिशवी परत दिली.

राहिला घरचा मिक्सर. भांडं, झाकण, रबर सगळं घासून घेतलं आणि मूठमूठ मका फिरवला. आवाज असा की खालच्या मजल्यावरून फोन आला, वर फरशी फोडताय का म्हणून. चाळायला चाळणी काढली तर हिने माझा हात धरला. त्या चाळणीने आजवर फक्त गव्हाचं पीठ चाळलं होतं; उजेडात धरली तर भोकांच्या कडांना पीठ दिसत होतं. नवी चाळणी आणली. वर राहिली ती भरड पुन्हा मिक्सरमध्ये टाकली, खाली पडलेलं पीठ डब्यात भरलं आणि मधला रवा तेवढा कण्यांना घेतला. दोन किलो मक्यातून सव्वा किलो रवा निघाला. उरलेल्यातला काही अजून टीपॉयखाली सापडतो.

आता शिजवणं. एक वाटी रव्याला चार वाट्या पाणी. उकळत्या पाण्यात मी रवा एकदम ओतला आणि गुठळ्या झाल्या. एक फोडून पाहिली तर आत रवा कोरडाठक्क, पाण्याची खबरच नसलेला. ते आईने भिंतीवरच्या कबुतरांना घातलं. त्यांनीही फोडून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी रवा आधी गार पाण्यात कालवून मग आधणात सोडला. हे जमलं. पण मका आळायला लागला की त्याचा स्वभाव बदलतो. पिठलं रटरटतं, पण त्यालाही काही मर्यादा आहे. कण्या मात्र वर अगदी शांत दिसतात. मग मधोमध एक फुगा येतो, मोठा होतो, क्षणभर थांबतो आणि फदकन फुटून नेमका मनगटावर येतो. झाकण ठेवावं तर खाली लागतं, काढावं तर भाजतं. मी ओला पंचा हाताला गुंडाळून, हात लांब करून, तोंड दुसरीकडे वळवून अर्धा तास ढवळत होतो. आईला मी होळीला नारळ टाकतोय असं वाटलं.

ढवळता ढवळता माणूस वाचत बसतो. उत्तर इटलीत याच प्रकाराला पोलेंटा म्हणतात. तिथले गरीब शेतकरी पूर्वी जवळजवळ त्यावरच जगायचे, आणि त्यांना पेलाग्रा नावाचा कातडी सोलवटणारा आजार व्हायचा, कारण मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व तसंच्या तसं अंगी लागत नाही. मेक्सिकोतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्यामुळे ते मोकळं होतं. माझी नजर आईच्या पानाच्या डब्यातल्या चुन्याकडे गेली. "हात लावून तर बघा," ही मागे न वळताच म्हणाली.

तर कण्या शिजल्या. पिवळ्याधमक, मऊ, पळीवरून सावकाश उतरणाऱ्या. मी हौसेने तुपाची फोडणी केली. जिरं, हिरवी मिरची, चांगला सढळ हाताने हिंग. घरभर वास सुटला. ही चष्मा लावून ओट्यापाशी आली, पण कण्यांकडे बघायला नाही. हिंगाची डबी उचलून तिने मागचं बारीक अक्षर वाचलं. "खाण्याचा डिंक. गव्हाचं पीठ. हिंग."

"हिंग तिसरा?"

"तिसरा."

म्हणजे गिरणी टाळली, चाळणी बदलली, मिक्सरचं रबर टाचणीने कोरलं, आणि शेवटी माझ्याच हाताने वरून गहू भुरभुरवला. हिने त्या सकाळी दहीभात खाल्ला. आईने कण्या खाल्ल्या, दोनदा वाढून घेतल्या, खालची खरवडही मागून घेतली.

शनिवारी पाचव्यांदा केल्या. फोडणीत फक्त जिरं आणि मिरची, वर ताक. ही काही बोलली नाही, पण ताटली रिकामी झाल्यावर तिने ती माझ्यापुढे सरकवली. मी वाढलं. पंच्याला पिवळे डाग पडले होते, मनगटावर फोड आला होता, आणि मला अतिशय बरं वाटत होतं.

आईने दोन घास खाल्ले, बोटं चाटली आणि ताट बाजूला केलं.

"त्या परवाच्या बऱ्या होत्या," ती म्हणाली. "हिंगाच्या."